मोर्स लिपी आणि संगणकाचा कान

१४ जुलै २०१३ या दिवशी भारतातील तारघरांनी शेवटच्या तारा स्वीकारल्या आणि दीडशेहून अधिक वर्षे चाललेली तारसेवा संपुष्टात आली. दारात तारवाला उभा राहिला की घरातील माणसांच्या छातीत धस्स होत असे, ते दिवस पुष्कळ वाचकांना आठवत असतील. मात्र तारसेवा आणि मोर्स लिपी या दोन्ही गोष्टी एकच होत, असा जो समज आढळतो तो बरोबर नाही. तारसेवा बंद होण्याच्या कितीतरी वर्षे आधीच तारघरातील 'कडकट्ट' थांबले होते. त्या जागी दूरमुद्रक आणि पुढे संगणक आले होते. उलट, तार गेली तरी मोर्स लिपी गेलेली नाही. हौशी रेडिओचालक, ज्यांना जगभर 'हॅम' म्हणतात, ते ती नित्य वापरतात. विमानांना दिशा दाखवणारी रेडिओकेंद्रे आपली ओळख मोर्समधील दोनतीन अक्षरांनीच सांगतात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांनी घडवलेला 'प्रथम' हा लहानसा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी अवकाशात गेला, तेव्हा त्याच्या ओळखसंदेशासाठीही मोर्स लिपीच योजलेली होती.

आज या लिपीत संदेश पाठवण्याचे आणि आलेला संदेश उलगडण्याचे काम संगणकाच्या आज्ञावलीकडून करून घेता येते. साधा संगणक किंवा खिशातील मोबाइल फोन त्याला पुरतो. ही आज्ञावली काय करते आणि तिच्यावर कोठवर विसंबावे, हे समजून घेणे शाळांतील विज्ञान शिक्षकांना तसेच आपत्तीच्या प्रसंगी निरोपांची देवघेव सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांना उपयोगी ठरेल. सुरुवातीलाच सांगावयाचे तर, पाठवण्याच्या कामी संगणक माणसाच्या पुढे आहे. ओळखण्याच्या कामी तो अद्याप मदतनीसच आहे. असे का, याचे उत्तर लिपीच्या रचनेतच दडलेले आहे.

मौनाचीही मोजणी

सॅम्युएल मोर्स यांनी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला २४ मे १८४४ रोजी तारेने जाहीर संदेश पाठवला. त्यांचे सहकारी आल्फ्रेड व्हेल यांचाही या लिपीच्या घडणीत मोठा वाटा होता. छापखान्यात कोणत्या अक्षराचे खिळे किती लागतात हे पाहून, वारंवार येणाऱ्या अक्षरांना छोट्या खुणा देण्यात आल्या. म्हणूनच इंग्रजी 'ई' या अक्षराला केवळ एक टिंब आणि 'टी' या अक्षराला केवळ एक रेघ मिळाली. आज वापरात असलेले आंतरराष्ट्रीय रूप हे त्या मूळ लिपीत युरोपात झालेल्या सुधारणांतून आलेले आहे.

मोर्स लिपी टिंब आणि रेघ या दोन खुणांची आहे असे आपण म्हणतो, परंतु ते पुरते खरे नाही. तिच्यात मौनालाही अर्थ आहे. टिंबाला लागणारा वेळ हे एक माप धरले तर रेघ तीन मापांची असते. एकाच अक्षरातील दोन खुणांमध्ये एक माप, दोन अक्षरांमध्ये तीन मापे आणि दोन शब्दांमध्ये सात मापे शांतता असावी लागते. म्हणजे खुणा दोन आणि मौने तीन. वेग मोजण्यासाठी 'पॅरिस' हा शब्द प्रमाण मानतात, कारण शेवटच्या शांततेसह तो बरोबर ५० मापांचा होतो. मिनिटाला १२ शब्दांच्या वेगाने टिंबाला एक दशांश सेकंद लागतो. २० शब्दांच्या वेगाने ०.०६ सेकंद.

आपला 'मदत' हा शब्द रोमन अक्षरांत एम-ए-डी-ए-टी असा पाठवावयाचा आहे असे समजू. त्याचे रूप असे होईल :

— —   • —   — • •   • —   —

खुणा आणि त्यांमधील शांतता यांची बेरीज ३९ मापे होते. पुढील शब्दाआधीची शांतता धरून ४६. मिनिटाला १२ शब्दांच्या वेगाने या शब्दाला साडेचार सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागेल. वर्गात ही बेरीज मुलांकडून करून घ्यावी. शांततेची मापे मोजावयाची राहून गेली की बेरीज चुकते आणि लिपीचे मर्म त्या चुकीतूनच चांगले कळते.

पाठवण्याचे काम

पाठवताना संगणकाला फारशी बुद्धी चालवावी लागत नाही. आज्ञावलीत एक तक्ता असतो. कळफलकावर 'एम' दाबले की तक्त्यातून दोन रेघा निघतात, त्यांची मापे ठरलेली असतात, आणि त्यानुसार ध्वनी चालू-बंद होतो. प्रक्षेपकाला जोडावयाचे तर संगणकाच्या जोडणीतील एका तारेवर विद्युतदाब चढवून-उतरवून, ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने, हाताच्या कळीचेच काम करून घेता येते. 'एफएलडिजी' ही विनामूल्य मिळणारी आज्ञावली हौशी रेडिओचालकांत त्यासाठी बरीच रूढ आहे.

अडचणी दोनच, आणि दोन्ही उमगण्यासारख्या आहेत. संगणक एका वेळी अनेक कामे करीत असतो. मधेच दुसऱ्या एखाद्या कामाकडे त्याचे लक्ष गेले तर टिंब क्षणभर लांबते. अशा प्रसंगी वेळ मोजण्याचे काम एका छोट्या स्वतंत्र मंडलाकडे सोपवतात. संगणक त्याला फक्त अक्षरे पुरवतो. दुसरी अडचण अशी, की ध्वनी एकदम सुरू व एकदम बंद केला तर प्रत्येक खुणेच्या टोकाला 'खट्' असा आवाज उमटतो आणि रेडिओवर तो शेजारच्या कंप्रतांवर पसरून इतरांना त्रास देतो. सुमारे पाच हजारांश सेकंदात आवाज हळुवार चढवला आणि तसाच उतरवला की हा उपद्रव टळतो. गवयाने सूर लावताना तो आदळू नये, तसेच हे आहे.

संगणक ऐकतो कसा?

ओळखण्याचे काम मात्र वेगळ्या जातीचे आहे. रेडिओतून किंवा मायक्रोफोनमधून आलेला आवाज संगणक सेकंदाला, समजा, ८,००० वेळा मोजतो. या आकड्यांच्या प्रवाहात मोर्सचा सूर असतो, त्याचबरोबर विजेची खरखर, शेजारचे दुसरे केंद्र आणि खोलीतील पंखाही असतो. म्हणून प्रथम सूर वेगळा काढावा लागतो. सूर ६०० कंप्रतेचा असेल तर तेवढ्याच कंप्रतेच्या आसपास किती ऊर्जा आहे, हे आज्ञावली गणिताने काढते. गेराल्ड गर्ट्झेल यांनी १९५८ मध्ये मांडलेली रीत या कामी फार वापरली जाते, कारण ती एकाच कंप्रतेची चौकशी करते आणि त्यामुळे लहान यंत्रालाही पेलते.

येथेच पहिली तडजोड येते. ८० मोजण्यांचा एक गट केला तर तो सेकंदाच्या शंभराव्या भागाचा होतो आणि साधारण १०० कंप्रतांच्या पट्ट्यातील आवाज एकत्र दिसतो. खरखर कमी करण्यासाठी पट्टा २५ कंप्रतांचा केला तर गट चौपट लांब, म्हणजे ०.०४ सेकंदाचा करावा लागतो. मिनिटाला ३० शब्दांच्या वेगात टिंबच तेवढे असते! तेव्हा टिंबाच्या कडा पुसट होतात. बारीक चाळणीने गाळावे तर वेळ लागतो आणि भरभर गाळावे तर कचरा येतो; ही अडचण यंत्र बदलून सुटत नाही.

सूर वेगळा काढल्यावर एक उंबरठा ठरवतात. ऊर्जा त्याच्या वर असेल तर 'आवाज आहे', खाली असेल तर 'शांतता आहे'. दूरच्या रेडिओलहरी वातावरणाच्या वरच्या थरातील आयनांबरावरून परावर्तित होऊन येतात; त्यामुळे आवाज कधी भरून येतो, कधी विरतो. उंबरठा एकाच जागी ठेवला तर विरलेल्या रेघेचे दोन तुकडे पडतात आणि 'टी' ऐवजी दोन टिंबांचा 'आय' उमटतो. म्हणून उंबरठाही आवाजाबरोबर वरखाली सरकवावा लागतो.

आता आज्ञावलीच्या हाती लांबी-आखूडपणाची एक यादी येते. आवाजांच्या लांबीचे दोन ढीग पडतात, आखूड आणि लांब. दोन मापांच्या जागी सीमा आखली की टिंब-रेघ वेगळ्या होतात. शांततेचे तीन ढीग पडावयास हवेत; त्यांच्या सीमा दोन आणि पाच मापांवर. पाठवणाऱ्याचा वेग आधी ठाऊक नसल्याने, आलेल्या खुणांवरूनच माप ठरवीत जावे लागते. त्यानंतरचे काम मात्र सोपे आहे. झाडाच्या बुंध्यापासून निघावे, टिंब आले तर डाव्या फांदीवर, रेघ आली तर उजव्या फांदीवर जावे, आणि अक्षराची शांतता आली की जेथे आहोत तेथील अक्षर लिहावे.

संगणकाने पाठवलेल्या मोर्समध्ये हे ढीग स्वच्छ वेगळे पडतात आणि दुसरा संगणक ते बहुधा अचूक वाचतो. माणसाच्या हातात ते एकमेकांत मिसळतात. वर दिलेला 'मदत' शब्द घाईने पाठवला आणि अक्षरांमधील शांतता आखडली, तर काय होते ते पाहावे. एम आणि ए एकत्र येऊन 'क्यू' होतो. डी आणि ए जोडले गेले तर बरोबरचे चिन्ह उमटते. शेवटचे ए आणि टी मिळून 'डब्ल्यू' होतो. खुणा सर्व बरोबर, एकही टिंब कमी-जास्त नाही, तरी पडद्यावर मदत मागितल्याचा मागमूस नसतो. उलट, थकलेला हात अक्षराच्या पोटातील शांतता लांबवतो. मग 'ए' चे ई आणि टी होतात, 'डी' चे एन आणि ई.

अनुभवी तारमास्तर मात्र हे वाचत असे, कारण तो सुट्या खुणा ऐकत नसे, शब्द ऐकत असे. 'क्यू' नंतर डी येणे संभवत नाही, तेव्हा येथे दोन अक्षरे असावीत, हे त्याच्या मनात आपोआप होई. प्रत्येक पाठवणाऱ्याच्या हाताची ढबही त्याला ओळखू येई. हाताने पाठवलेले मोर्स यंत्राने वाचावे यासाठी अमेरिकेत बर्नार्ड गोल्ड यांनी केलेले संशोधन १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. लांबीची तुलना आजूबाजूच्या खुणांशी करावी आणि भाषेच्या नियमांचा आधार घ्यावा, ही दिशा तेव्हाच स्पष्ट झाली होती. पुढे संभाव्यतेच्या गणितावर चालणाऱ्या आज्ञावल्या आल्या. २००८ मध्ये आलेली 'सीडब्ल्यू स्किमर' ही आज्ञावली पट्ट्यातील शेकडो केंद्रांचे मोर्स एकाच वेळी वाचते. हे कोणत्याही माणसाला जमणारे नाही, हे मान्य केले पाहिजे. पण खरखरीत बुडालेला, विरत जाणारा, अस्थिर हाताने पाठवलेला एकच संदेश समोर असेल, तर तरबेज कान अजूनही अधिक भरवशाचा वाटतो.

आकडे आणि आपत्ती

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमान-निकोबारला तडाखा दिला त्या वेळी हौशी रेडिओचालकांचे एक पथक योगायोगाने पोर्ट ब्लेअर येथे होते आणि त्यांच्या केंद्रावरून बातम्या व निरोप मुख्य भूमीकडे गेले. अशा प्रसंगी प्राधान्य बोलण्यालाच असते आणि ते योग्यच आहे. पण बोललेला आवाज रेडिओवर सुमारे २,५०० कंप्रतांचा पट्टा व्यापतो. मोर्सला शेदीडशे पुरतात. तीच शक्ती एवढ्या अरुंद पट्ट्यात एकवटल्यामुळे बॅटरीवर चालणारा पाच वॅटचा प्रक्षेपकही, बोलणे जेथे पोचत नाही तेथे, मोर्सने पोचू शकतो. म्हणून ही जुनी विद्या राखीव म्हणून मोलाची आहे.

परंतु अशा वेळी निरोपात काय असते? गावाचे नाव, माणसांची संख्या, औषधाच्या मात्रा. मोर्समध्ये ५ म्हणजे पाच टिंबे. एक टिंब विरले तर चार उरतात आणि ते होते 'एच' हे अक्षर. ही चूक निदान दिसते तरी. पण ५ मधील शेवटचे टिंब विजेच्या खरखरीने लांबून रेघ झाले तर तो ४ होतो, आणि पहिले टिंब लांबले तर ६. या चुका पडद्यावर नीटनेटक्या छापून येतात. येथेच खरा धोका आहे. ऐकणारा माणूस अंदाजाने लिहितो तेव्हा त्याला आपण अंदाज केला हे ठाऊक असते. छापील अक्षरापुढे वाचणारा नि:शंक होतो. त्यामुळे संगणकाने उलगडलेल्या संदेशातील प्रत्येक आकडा आणि प्रत्येक नाव उलट पाठवून पडताळावे, शक्य तेथे आकडा अक्षरांतही मागवावा, आणि मूळ ध्वनी संगणकात साठवून ठेवावा म्हणजे पुन्हा ऐकता येतो. हौशी रेडिओचालक ९ ऐवजी 'एन' आणि शून्याऐवजी 'टी' अशी काटकसर करतात. ती त्यांच्या स्पर्धांत शोभते, औषधांच्या मागणीत नव्हे.

रोमन लिपीत गेलेल्या गावांच्या नावांची गत तर आपण जाणतोच. 'ल' आणि 'ळ', 'त' आणि 'ट', 'न' आणि 'ण' यांचा भेद त्यात राहत नाही. नावासोबत तालुक्याचे नाव आणि पिन क्रमांक जोडणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

वर्गात करावयाचा प्रयोग

रेडिओवरून प्रक्षेपण करावयाचे तर केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. शाळेत मात्र परवान्याविना हे शिक्षण देता येते, कारण हवेतून जाणाऱ्या साध्या ध्वनीला कोणाची अनुज्ञा लागत नाही. एका फोनवर मोर्स पाठवणारी आणि दुसऱ्यावर ओळखणारी आज्ञावली घ्यावी. प्रथम दोन्ही जवळ ठेवून मिनिटाला १२ शब्दांच्या वेगाने एक परिच्छेद पाठवावा आणि चुकलेली अक्षरे मोजावीत. मग अंतर वाढवावे, पंखा लावावा, शेजारी वर्गाला पाढे म्हणावयास सांगावे. शेवटी तोच परिच्छेद एखाद्या विद्यार्थ्याने हाताने वाजवावा. चुका कोठे वाढतात आणि त्या खुणांत होतात की शांततेत, हे मुलांनी तक्ता करून नोंदवावे. बहुतेक चुका शांततेत सापडतील.

कानाने मोर्स शिकावयाचे असल्यास टिंब-रेघांचा तक्ता घोकू नये. जर्मन मानसशास्त्रज्ञ लुडविग कॉख यांनी १९३० च्या दशकात सुचवलेली रीत अधिक चांगली आहे. पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगाने, पण केवळ दोन अक्षरे ऐकावीत. दहापैकी नऊ ओळखता आली की तिसरे अक्षर घ्यावे. अक्षर म्हणजे एक लय, मोजावयाच्या खुणा नव्हेत, हे त्यातून अंगवळणी पडते. संगणक येथे उत्तम शिक्षक ठरतो, कारण तो कंटाळत नाही आणि त्याची लय ढळत नाही. जागतिक रेडिओ परिषदेने २००३ मध्ये हौशी परवान्यासाठी मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठवल्यापासून अनेक देशांत ही परीक्षा वगळली गेली; तरीही स्वखुशीने शिकणारे आहेत, ते या सोयीमुळेच.

दोन कळांची भाषा

या विषयाची एक बाजू आपल्याकडे फारशी चर्चिली जात नाही. ज्या मुलाचे हात नीट चालत नाहीत, बोलणे स्पष्ट नाही, परंतु बुद्धी शाबूत आहे, त्याला साठ-सत्तर कळांचा कळफलक निरुपयोगी असतो. डोक्याच्या दोन बाजूंना दोन कळा बसवल्या, एक टिंबाची आणि एक रेघेची, तर तेवढ्यावर तो पूर्ण वाक्य लिहू शकतो. अमेरिकेतील तानिया फिनलेसन यांना जन्मापासून मेंदूचा पक्षाघात आहे. त्या लहानपणापासून मोर्सने लिहितात व यंत्राद्वारे बोलतात. त्यांच्या सहकार्याने गूगल कंपनीने २०१८ मध्ये आपल्या मोबाइल कळफलकात मोर्सची सोय केली. येथे खरखर नाही, विरणारा आवाज नाही. टिंब आणि रेघ यांना वेगळ्या कळा असल्याने त्यांची गल्लतही होत नाही. उरते केवळ अक्षर संपल्याची शांतता, आणि ती किती लांब धरावी हे त्या मुलाच्या गतीप्रमाणे ठरवता येते. अर्ध्या सेकंदाऐवजी दोन सेकंद ठेवले तरी संगणकाची तक्रार नसते. विशेष शाळांतील शिक्षकांनी ही गोष्ट अवश्य करून पाहावी.

मराठी माध्यमातील मुलाला मात्र रोमन अक्षरे पुरेशी नाहीत. आपल्या तारखात्याने १९४९ मध्ये देवनागरी तारा सुरू केल्या, तेव्हा देवनागरीसाठी संकेत ठरवावेच लागले होते. परंतु सर्वसाधारण आज्ञावल्यांच्या तक्त्यात रोमन अक्षरेच असतात. तक्ता वाढवणे हे तांत्रिकदृष्ट्या अवघड काम नाही. एक ते चार खुणांच्या ३० जुळण्या होतात आणि त्यांपैकी २६ इंग्रजीने घेतल्या आहेत. पाच खुणांच्या आणखी ३२ धरल्या तर एकूण ६२ होतात. मराठीची व्यंजने, स्वर आणि जोडाक्षरासाठी हलन्ताची खूण एवढ्यात बसवता येतात. व्यंजनानंतर आलेला स्वर मात्रा समजावा, एवढा एक नियम आज्ञावलीला सांगितला की मात्रांसाठी वेगळ्या खुणा लागत नाहीत. अंकांना मात्र पाच खुणांच्या दहा जुळण्या आधीच दिलेल्या आहेत, हे विसरून चालणार नाही.

व्हेल यांनी खिळे मोजले तसे मराठी मजकुरातील अक्षरेही मोजावी लागतील. 'आ' ची मात्रा आपल्या लेखनात पावलोपावली येते. तिला एका टिंबाचा मान मिळावा, असे वाटते. हे काम वर्गातही होऊ शकेल. पाठ्यपुस्तकाची दहा पाने घ्यावीत, प्रत्येक विद्यार्थ्याला एक पान द्यावे, आणि कोणते अक्षर व कोणती मात्रा किती वेळा आली याची नोंद फळ्यावर मांडावी.